ग्रामसभेत पाच मिनिटांत बंधाऱ्याचं पटवून कसं द्यायचं?

सड्यावरची
कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बचत गटाच्या वतीने मला बोलायचंय. विषय : व्हाळावर (ओढ्यावर) श्रमदानातून वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध. वेळ पाच मिनिटं. चार पानं लिहून झालीत, पण वाचताना निबंध वाटतो. माईक हातात आला की आवाज कापतो आणि मी भरभर बोलत सुटते. पाठ करू की कागद बघून बोलू? मागे बांधलेला बंधारा वाहून गेला होता, तेही कोणीतरी काढणारच.

व्हाळकाठ
ताई, ती चार पानं बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा : सभा संपल्यावर लोकांनी नेमकं काय करायचं? ‘पाणी अडवायला हवं’ याला सगळेच माना डोलावतात आणि घरी जातात. ‘नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ७ वाजता दर घरातून एक माणूस, दोन रिकामी सिमेंटची पोती आणि एक फावडं’ असं काहीतरी हवं. ते वाक्य ठरलं की बाकीचं भाषण त्याच्याकडे नेणारं लिहायचं. त्याच्याकडे न नेणारं जे असेल, ते कितीही छान असलं तरी काढून टाका.

नोव्हेंबर मुद्दाम म्हटलं. ऑक्टोबरात भातकापणी असते. त्या दिवसांत श्रमदान मागितलंत की माणूस मनात तिथेच ‘जमणार नाही’ म्हणतो आणि पुढचं त्याच्या कानात शिरत नाही. चाकरमानीही गणपती करून परत गेलेले असतात, म्हणजे हात कमी. समोरच्याच्या अडचणी तुम्ही आधीच मोजल्यात हे त्याला तारखेवरूनच कळतं.

आता वाहून गेलेला बंधारा. तो तुम्हीच काढा, दुसऱ्या मिनिटाला. शेवटी कोणी काढला तर सभेच्या कानात तेच राहतं. ‘तो बंधारा वाहून गेला, हे खरं आहे.’ इथे थांबा. लगेच ‘पण’ जोडलात तर सारवासारव वाटते. मग कारण सांगा, आणि ते बांधायला गेलेल्यांना आधी विचारून घ्या. बहुधा तीनपैकी एक असतं : परतीचा पाऊस संपायच्या आत बांधला, पोती गच्च भरली, किंवा पोत्यांचे सांधे एकावर एक आले. गच्च पोतं गोल राहतं आणि दोन पोत्यांमध्ये फट पडते. दोन तृतीयांश भरलेलं चपटं बसतं. विटांसारखी सांधमोड केली की पाण्याला सरळ वाट मिळत नाही. एवढं सांगितलंत की ‘यांना काम कळतं’ हे लोकांना पटतं.

आकडा एकच ठेवा. कोकणात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे ऐकून कोणी हलत नाही. जांभ्यात पाणी टिकत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मे महिन्यात वाडीच्या विहिरीत किती हात पाणी उरतं, तो आकडा सांगा.

मिरग
वरच्या सांगण्यात एक राहिलं. विषय विषयपत्रिकेवर यायला हवा. त्यासाठी सभेची नोटीस निघायच्या आत सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी पत्र द्या. नाहीतर तो ‘आयत्या वेळच्या विषयांत’ जातो आणि तोवर निम्मी सभा उठलेली असते. ठरावाचा मसुदा दोन ओळींत लिहून न्या. अनुमोदक आधीच ठरवा, शक्यतो वरच्या वाडीतला, कारण बंधाऱ्याचं पाणी खालच्याच वाडीला, असा वाद हमखास येतो.

पोफळी
सड्यावरची ताई, पाठही नको आणि वाचनही नको. पाठ केलेल्यात एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते. वाचताना नजर खाली जाते आणि आवाज कागदात पडतो. पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं मागणं तोंडपाठ करा, मधले चार मुद्दे प्रत्येकी दोन-तीन शब्दांत लिहा. लिहायला लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. पातळ कागद हातातली थरथर दुप्पट करून दाखवतो आणि ती बघून आपणच आणखी घाबरतो.

सभेत मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास बोलावं. पाच मिनिटांना ४५० शब्द लिहा, बाकीचा वेळ थांबण्यात जातो. मोबाईलवर वेळ लावून रोज दोनदा, उभं राहून, मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात केलेली तयारी सभेत उपयोगी पडत नाही, कारण श्वास कुठे संपतो ते तिच्यात कळत नाही.

भरभर बोलणं हे बहुतेक वेळा श्वासाचंच दुखणं. माईक घेतल्यावर आधी पूर्ण श्वास सोडा, मग घ्या, मग बोला. माईक तोंडापासून चार बोटं, हनुवटीशी किंचित तिरपा. सभा देवळाच्या मंडपात पत्र्याखाली असेल तर आवाज घुमतो. तिथे जोर वाढवू नका, प्रत्येक वाक्यानंतर मनात ‘एक, दोन’ मोजा.

आपल्याकडे वक्तृत्व म्हटलं की वेंगुर्ल्याच्या बॅरिस्टर नाथ पैंचं नाव निघतं. पण शालेय स्पर्धांतला तो चढा सूर घेऊन ग्रामसभेत उभं राहू नका. अंगणात बोलता तसं बोला. एखादं वाक्य मालवणीत येऊ दे.

सड्यावरची
सुरुवात अशी लिहिली, बघा : “सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, पाणी म्हणजे जीवन हे आपण सर्व जाणतोच. आज पाण्याची समस्या भीषण झाली आहे. व्हाळाचा पाणी दर्याक जाता आणि मे म्हयन्यात आमी कळशी घेवन फिरतंव.”

व्हाळकाठ
ताई, शेवटचं वाक्य पहिलं करा. ‘सरपंच आणि गावकऱ्यांनो’ म्हणा, एक श्वास घ्या आणि थेट तेच बोला. ‘पाणी म्हणजे जीवन’ आणि ‘भीषण’ दोन्ही काढा, ते भिंतीवर लिहिलेलं आहेच. त्यानंतर विहिरीचा आकडा, मग वाहून गेलेला बंधारा. आणि ‘पहिलं पोतं आमचा गट भरेल’ हे मागण्याच्या आधी यायला हवं, नंतर नको.