हॅलोविनचे खोटे भोपळे: कोणी कसे सजवलेत? अनुभव सांगा

न्यू जर्सीत आमच्या पायरीवर ओळीने तीन वर्षं खरा भोपळा मांडला आणि तिन्ही वर्षं ३१ ऑक्टोबरच्या आत खारींनी त्याचं तोंड खाल्लं. म्हणून गेल्या वर्षी क्राफ्टच्या दुकानातून सेलमध्ये फोमचा पोकळ भोपळा आणला. गर-बिया काढायची कटकट नाही म्हणून मी खूश, पण कोरायला बसले आणि स्वयंपाकघरातली सुरी आत जाऊन अडकायलाच लागली, मग किटमधली बारीक दातांची करवत घेतली तर जो काही चुरा उडाला ना, कार्पेटला, स्वेटरला, कुत्र्याला, सगळ्याला चिकटला, झटकला की अजून चिकटतो. आता गराजमध्ये आणि मास्क लावूनच.

एक मात्र बरं सुचलं. वरून झाकण न कापता बुडाला भोक पाडलं, म्हणजे देठ शाबूत राहतो आणि दिव्यावर भोपळा नुसता झाकायचा. दिवा बॅटरीवालाच हं, फोम पेटतो. कोरलेल्या कडा पांढऱ्याफटक दिसत होत्या, त्यांना पिवळा ॲक्रिलिक दिला.

तुम्ही काय काय उद्योग केलेत ते लिहा. फसलेले आधी.

*

डॅलसकर. इथल्या उन्हात खरा भोपळा चार-पाच दिवसांत बसतो, खाली पाणी सुटतं, वर चिलटं. म्हणून थर्माकोलचे तीन आणले आणि हौसेने सोनेरी स्प्रे पेंट मारला. बघता बघता भोपळ्याला खड्डेच खड्डे! स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, "अगं, इतकी वर्षं घरात गणपतीचं मखर बघतेस, आधी पाण्याच्या रंगाचा हात देतात हे दिसलं नाही कधी?" दिसलं असेल, पण माझ्याकडे खातं फक्त टाचण्या पुरवायचं होतं. (२०१८च्या बंदीपासून बाबा पुठ्ठ्याचं मखर करतात.) खड्डेवाला तसाच ब्रशने काळा केला. गल्लीत सगळ्यात भीतीदायक तोच दिसत होता.

*

आमचा भोपळा मोरपंखी असतो. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. टील पम्पकिन म्हणजे या घरी खाऊशिवाय दुसरंही काही मिळेल अशी खूण, टेनेसीत सुरू झालेली, २०१४ पासून देशभर पसरली. नारिंगीवर थेट मोरपंखी लावला तर शेवाळ्यासारखा मळकट दिसला. पुसून पहिल्यापासून, आधी पांढरा हात, मग रंगाचे दोन, तरी खाचांतून नारिंगी डोकावतोच. पहिल्या वर्षी पेन्सिली ठेवल्या, पोरांनी अशी तोंडं केली की काय सांगू. आता अंधारात चमकणारी कडी ठेवतो, ती आठच्या आत संपतात.

*

पुण्यात सोसायटीच्या पोरांना घेऊन फुग्यावर कागदाचा लगदा लावला. मैद्याची खळ, जुने पेपर, सगळं घरचं. फाका पाडायला फुग्याला सुतळी बांधली तर फुगा फुटला, मग पिशवीत रद्दी कोंबून तिला आठ ठिकाणी आवळलं, ते जमलं. पण पाऊस गेला नव्हता, चार दिवस वाळेना, आतून बुरशी. आई म्हणते खळीत मोरचूद घालतात. अगं पण पाच वर्षांच्या पोरांच्या हातात मोरचूद? शेवटी एकच वाचला, तो रंगवून गेटवर ठेवला. वॉचमनकाका म्हणाले, "टोमॅटो झकास झालाय."

"हे आपलं नाही" म्हणणारे दोघं भेटले. त्यांच्या नाती सगळ्यात आधी ब्रश घेऊन बसल्या होत्या.

*

डब्लिनहून. भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला, इथे पूर्वी सलगम कोरायचे. मेयोतल्या कॅसलबार गावच्या म्युझियममध्ये तो बघितला, डोनेगलच्या फिनटाऊनमधून १९४३ साली आलेला. खरा सलगम सुकून मोडायला आला म्हणून त्याची प्लास्टरची प्रतिकृती करून ठेवलीये. म्हणजे तोही क्राफ्टवालाच की! बारीक डोळे, तोंडात दोन-चार दात, शेजारी आपला फोमचा हसरा भोपळा म्हणजे अगदी बाळबोध. मी एकदा हौसेने सलगम कोरायला घेतला, चमचा वाकला, मनगट आठवडाभर दुखलं. त्यानंतर मुकाट्याने फोम.

*

मी आजी, लेकीकडे सनीव्हेलला सहा महिने आले होते. नातीने फोमचा भोपळा दिला आणि म्हणाली तुझं काहीतरी कर. मी त्याला खिडकी कापली, आत नऊवारीतली म्हातारी बसवली, कापसाचा अंबाडा, हातात काडेपेटीच्या काडीची काठी. लेकीकडून निघालेली म्हातारी, मला तरी दुसरं काय सुचणार. संध्याकाळी शेजारची पोरं आली, बघून किंचाळली. त्यांना ती कोंडून ठेवलेली चेटकीण वाटली! नातीने त्यांना पायरीवर बसवून अख्खी गोष्ट इंग्रजीत सांगितली, वाघाशी पोचेपर्यंत माझ्या हातातली गोळ्यांची परडी रिकामी.

*

धागा काढणारी मीच परत. काल माळ्यावरून गेल्या वर्षीचा भोपळा उतरवला, रंग जसाच्या तसा, म्हणून सकाळी पायरीवर ठेवला. दुपारी बघते तर डाव्या डोळ्याच्या कडेला दातांचे ठसे आणि खाली नारिंगी चुरा. एकच घास घेऊन सोडलाय.