मदत हवी आहे: तपासणीत पाण्याचं सॅम्पल फेल, सुधारणा नोटीस आली

बालाघाट_०७:
अंबाजोगाई रोडला जेवणाचं हॉटेल आहे. किचनची तपासणी झाली, पाण्याचं सॅम्पल फेल आलं, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ची नोटीस हातात पडली. आरओ नवाच बसवलाय, तरी असं. कुणी आरओ बदला म्हणायलेत, कुणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका म्हणायलेत. चार दिवस असेच गेले. नेमकं काय करावं, लवकर सांगा.

गोदातीर:
फेल कशात? नायट्रेट, फ्लोराईड, की कोलिफॉर्म जंतू? रिपोर्टवर असतं. सॅम्पल कोणत्या नळाचं घेतलं?

कढईवाला:
तेलही बघून घ्या. टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरता येत नाही. जुन्यावर नवं ओतत राहिलं तरी जुनं कढईत राहतंच.

बालाघाट_०७:
तेलाचं नोटिशीत काही नाही. कोलिफॉर्म आणि ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) सापडलेत. नळ मागचा, सिंकचा.

गोदातीर:
म्हणजे त्या नळाला आरओचं पाणी नाहीच. बोअर की टँकर? हौद आहे का?

बालाघाट_०७:
टँकर. ५ हजार लिटरचा जमिनीतला हौद, तिथून वरच्या टाकीत. आरओ फक्त गिऱ्हाइकाला प्यायला. कणीक मळणं, कोथिंबीर-काकडी धुणं टाकीच्या पाण्यात.

पातेलं_मोठं:
मोठा आरओ घ्या आणि सगळ्या किचनला जोडा. कटकटच संपली.

गोदातीर:
असं करू नका. विकतच्या टँकरमधलं कितीतरी पाणी रिजेक्ट होऊन नालीत जाईल. शिवाय आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते ड्रममध्ये भरलं आणि पोऱ्यानं त्यात तांब्या बुडवला की परत जंतू. क्षार, नायट्रेट, फ्लोराईडला आरओ, जंतूंना क्लोरीन. इथं दोष हौदात आहे.

पातेलं_मोठं:
टीसीएलचा वास भाताला लागतो, गिऱ्हाईक ताट परत करतं.

गोदातीर:
अंदाजानं मूठभर टाकलं तर लागणारच. १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे या हौदाला २५ ग्रॅम, वजन करून. आधी हौद रिकामा करून गाळ काढा. झाकणाची कडा आणि पाइप आत शिरतो ती भेग बघा, पावसाचं आणि सांडपाणी तिथूनच झिरपतं; सिमेंटनं बुजवा. हौद भरून क्लोरीनचं पाणी फेकून देणं आपल्याकडं परवडत नाही, म्हणून २० लिटरच्या बादलीत साधारण १५ ग्रॅम टीसीएल कालवून त्यानं भिंती आणि तळ ब्रशनं ओले करा. अर्धा तास ओलेच ठेवा, मग धुवा. आत उतरणाऱ्याच्या हातात मोजे, वर एक माणूस उभा, झाकण आधीपासून उघडं. ॲसिड त्या दिवशी जवळही आणू नका, विषारी वायू निघतो. वरच्या टाकीलाही हेच.
नंतर रोज: टीसीएल मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी तेवढं हौदात. अर्ध्या तासानं सगळ्यात लांबच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते थेंब टाकून बघायची). पिवळी छटा आली पाहिजे, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तरी. पाणी पांढरंच राहिलं तर पावडर मेलेली असू शकते. पोतं भट्टीजवळ उघडं ठेवलं की ती मरतेच.

लायसनवाला:
नोटिशीत किमान १४ दिवस द्यावे लागतात, तारीख बघा. अपील करायचं तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत, किंवा नोटिशीतली मुदत त्याआधी संपत असेल तर तिच्या आत. पण इथं अपिलात वेळ घालवू नका. हौदाचे आधीचे-नंतरचे फोटो, नवा रिपोर्ट आणि लेखी उत्तर मुदतीच्या आत द्या, पोच घ्या. मुदत हुकली तर लायसन निलंबित होऊ शकतं. कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं वर्षाच्या आतली आहेत ना?

बालाघाट_०७:
प्रमाणपत्रं आहेत. हौदाला उद्याच माणूस लावतो. नवं सॅम्पल मीच बिसलेरीच्या बाटलीत भरून नेलं तर चालेल का?

गोदातीर:
चालणार नाही. लॅबची निर्जंतुक बाटली आणा आणि पाण्यात क्लोरीन आहे हे आधीच सांगा, ते बाटलीत थायोसल्फेट (क्लोरीनचा असर थांबवणारं रसायन) घालून देतात. नाही तर वाटेतच क्लोरीन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. नळाची जाळी काढा, तोंड ज्योतीनं शेका, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांत पोचवा. तपासणीलाच २४ ते ४८ तास लागतात, तेव्हा शनिवारी नेऊ नका.