देशाचा इतिहास समजायला बालपणीच्या आठवणी पुरेशा आहेत का?

वाटसरू:
केनिया स्वतंत्र झाला १२ डिसेंबर १९६३ ला. तारीख कुठेही सापडते. पण ते स्वातंत्र्य घराघरातून कसं गेलं, हे मला तिथले लेखक गुगी वा थिओंगो यांच्या बालपणीच्या आठवणींतून कळलं. त्यांचा एक भाऊ इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या माऊ माऊ बंडखोरांसोबत रानात. बहिऱ्या सावत्र भावाला इंग्रज शिपायाची हाक ऐकूच आली नाही, म्हणून तो गोळीने गेला. १९५५ साली पहिलं सत्र संपवून पोरगं बोर्डिंगातून परततं, तर घर नाही, गावही नाही. सगळं पाडून माणसं पहाऱ्यातल्या वस्तीत कोंबलेली. माझं स्पष्ट मत आहे, आधी ही पुस्तकं वाचा, मग इतिहासाची.

गावकुसाबाहेर:
'आधी' हेच पटत नाही. हे पोराने नाही, सत्तरी ओलांडलेल्या नामवंत लेखकाने लिहिलंय. पुढे काय झालं हे त्याला ठाऊक होतं. आणि गिनीचे लेखक कामारा लाये? १९५३ च्या त्यांच्या पुस्तकात सोनारकाम करणाऱ्या बापाची भट्टी आहे, आईची माया आहे, पण फ्रेंचांची वेठबिगार जवळपास नाहीच. ती कायद्याने थांबली १९४६ मध्ये, म्हणजे त्यांच्या उभ्या बालपणात चालू होती. कॅमेरूनचे लेखक मोंगो बेती यांनी तेव्हाच त्यांना यावरून झोडपलं होतं.

रानजाई:
बेतींनी अन्याय केला. ज्यांना रानटी म्हणून हिणवलं, त्यांचं भरलं घर दाखवणं हेही फ्रेंचांना उत्तरच होतं. नायजेरियाचे वोले सोयिंका वाचा. त्यांच्या अबेओकुटा शहरातल्या बायका कराविरुद्ध उठल्या, १९४९ मध्ये तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. पोरसवदा सोयिंका त्या बायकांचे निरोप पोचवत होते. पुढाऱ्यांच्या चरित्रांत एका ओळीत उरकलेल्या बायका इथे भांडताना दिसतात.

गावकुसाबाहेर:
निरोप पोचवणारा मुलगा मुख्याध्यापकाचा होता, हेही लक्षात घ्या. लिहिलं ते शाळेत पोचलेल्यांनी. केनियातल्या त्या वस्त्यांमधल्या बायाबापड्यांनी कुठे पुस्तकं लिहिली? छळ सोसलेल्यांचं म्हणणं जगापुढे आलं ते लंडनच्या कोर्टात, म्हातारपणी. २०१३ मध्ये ब्रिटनने ५,२२८ जणांना भरपाई कबूल केली. दलित आत्मकथनं येईपर्यंत आपणही वाड्यातलंच बालपण 'आपलं' म्हणून वाचत होतो ना? मी आधी साक्षी वाचेन.

वाटसरू:
साक्षीत वकील विचारेल तेवढंच येतं. दुपारी जेवायला मिळेलच असं नाही, तरी शाळा सोडायची नाही, असं गुगींच्या आईने पोराकडून कबूल करून घेतलं होतं. हे कुठल्या दाव्यात नोंदवणार?