डेल्टा ब्लूजची पहिली ध्वनिमुद्रणे

प्रश्न: अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागातील ब्लूज हा गायनप्रकार कुठे रुजला आणि तबकडीवर प्रथम कधी आला, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १: कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांमध्ये तो घडला, तिथल्याच डॉकरीच्या मळ्यावर राहिलेले ब्लूज गायक चार्ली पॅटन यांनी जून १९२९ मध्ये इंडियानातील रिचमंड येथे पॅरामाउंट या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी गायलेली गाणी ऐकली, की तो घोगरा, भरदार आवाज दिवसभर कानांत घुमत राहतो.

प्रतिसाद २: डेल्टा ब्लूजचे गायक फ्रेडी स्प्रुएल यांचे ध्वनिमुद्रण त्याआधीच, १९२६ मध्ये, शिकागोत झाले होते, याची नोंद घ्यायला हवी.

प्रतिसाद ३: पॅटन यांना पॅरामाउंटपर्यंत पोहोचवणारे मिसिसिपीतील जॅक्सन शहराचे दुकानदार एच. सी. स्पीअर यांचे ऋणही मोठे आहे. त्या तबकड्या हलक्या प्रतीच्या असल्याने आज खरखरीआडून सूर शोधावे लागतात.