सिंगापूरला सव्वानऊ तास हातात आहेत, आईला घेऊन बाहेर पडू का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईला घेऊन मेलबर्नला भावाकडे जातेय. वाटेत सिंगापूर. दुपारी २:३० ला उतरणार, पुढचं विमान रात्री ११:५० ला. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत, त्यामुळे मोठ्या बॅगा थेट मेलबर्नला जातील. दोघींकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे, सिंगापूरचा नाही.

आई ६८ वर्षांची. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते, जिना दिसला की कपाळाला आठ्या. हौस मात्र दांडगी. "नऊ तास विमानतळावर बसून काय करायचं, बाहेर फिरू की" हे तिचंच म्हणणं. मला धास्ती एकच, परत यायला उशीर झाला तर? शिवाय व्हिसा नसताना बाहेर सोडतात का, आणि सोडलंच तर आईला झेपेल असं काय बघावं? मी स्वतः पहिल्यांदाच देशाबाहेर चाललेय, तेव्हा बाळबोध प्रश्नांबद्दल आधीच माफी. जाणकारांनी कृपया सांगा.

उनाड
व्हिसाचं आधी बघा. भारतीय पासपोर्टवर तिसऱ्या देशात जाताना तुमच्याकडे ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन वगैरे ठरावीक देशांपैकी एकाचा वैध व्हिसा असेल, तर सिंगापूरमध्ये ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा थांबायची सवलत आहे. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर मात्र तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरच्या अटी नीट वाचा. आत घ्यायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, त्यामुळे पुढच्या विमानाचं तिकीट छापून हातात ठेवा. बाहेर पडायचं असेल तर अरायव्हल कार्डही भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन. ते फुकट असतं. कुणी पैसे मागितले तर तुम्ही भलत्याच साइटवर आहात.

सोनचाफा
मी सासूबाईंना घेऊन अशीच थांबले होते. माझं मत, बाहेर पडूच नका. टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग, मऊ खुर्च्या, फुकटचा सिनेमा, दिवस निघून जातो. सासूबाईंच्या पदरावर एक फुलपाखरू येऊन बसलं तर दहा मिनिटं हलल्या नाहीत. विमानतळाला जोडलेल्या ज्युएल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा बघायला मात्र इमिग्रेशन पार करावं लागतं. नाही केलंत तरी टर्मिनल २ आणि ३ च्या मधली छोटी गाडी, स्कायट्रेन, ज्युएलच्या आतूनच जाते, काचेतून दिसतो.

घड्याळजी
सोनचाफाताई, पटलं नाही. आईंची हौस आहे तर न्या. फक्त नऊ तास म्हणजे नऊ तास नव्हेत. २:३० ला उतरलात की विमानातून बाहेर, लांबलचक चाल, इमिग्रेशन, म्हणजे पावणेचार धरा. रात्री ९:३० ला परत विमानतळावर हवंच. जाण्यायेण्याचे दोन तास वजा करा, उरले पावणेचार. त्यात एकच ठिकाण होतं. दोन करायला गेलात तर दोन्हीचा फक्त फोटो मिळेल.

९:३० का, तर टर्मिनल १ ते ३ मध्ये सुरक्षा तपासणी प्रत्येक गेटवर होते. तिथे ऐनवेळी रांग लागते आणि पाण्याची बाटली रिकामी करावी लागते.

आणि घड्याळ! सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. माझ्या मनगटावर आपलीच वेळ राहिली होती. "बराच वेळ आहे" म्हणत मी कॉफी पीत बसलो, आणि स्पीकरवर माझंच नाव, तेही भलत्याच उच्चारात. गेटपर्यंत बूट हातात घेऊन धावलोय. उतरल्या उतरल्या घड्याळ बदला.

उनाड
एक ठिकाण म्हटलं तर गार्डन्स बाय द बे. बाहेरची बाग फुकट, काचेच्या घुमटांना तिकीट. विमानतळावरून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, एक्स्पोला उतरून डाउनटाउन लाइन पकडायची, ती थेट बेफ्रंटला नेते. सगळीकडे लिफ्ट आहे, जिन्याची कटकट नाही. बँकेचं टॅप करायचं कार्ड चालतं, पण माणशी एक वेगळं हवं, एका कार्डावर दोघी आत जाऊ शकत नाही. तिथे २५ ते ५० मीटर उंच सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे मनोरे आहेत, त्यांचा दिव्यांचा आणि संगीताचा खेळ रात्री ७:४५ ला असतो. लोक जमिनीवर आडवे होऊन बघतात! आईंना बसायला आधी जागा धरा. दुसरा खेळ ८:४५ ला असतो, त्याचा मोह टाळा. परतताना टॅक्सी करा. छत्री न्या, दुपारी पाऊस धो धो येतो.

सोनचाफा
बरं, जाणारच असाल तर विमानतळाची फुकट सहल बघा. साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांच्या आत थांबणाऱ्यांसाठी असते, सुमारे अडीच तासांची, बसमधून. आधी नोंदणी करता येते. हातातल्या जड पिशव्या विमानतळावर पैसे देऊन ठेवता येतात.

घड्याळजी
एक विचारायचं राहिलं. आई तंबाखू, मिश्री वगैरे काही?

धागाकर्ती
तुम्हाला कसं कळलं! मिश्री लावते, डबी कायम बटव्यात.

घड्याळजी
माझी आई पण लावायची म्हणून विचारलं. सिंगापुरात चघळायचा, हुंगायचा, हिरडीला लावायचा तंबाखू आणायला बंदी आहे. डबी घरीच.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. फुकट सहलीची वेळ जुळली तर ती, नाहीतर गार्डन्सचा ७:४५ चा खेळ आणि टॅक्सीने परत. अरायव्हल कार्डचा रिमाइंडर लावला.

आईला मिश्रीचं सांगितलं. ती पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, "तिथे ती फुलपाखरं आतच आहेत ना? मग बाहेर कशाला जायचं?"

सोनचाफाताई, तुमचा मुद्दा वेगळ्याच वाटेने जिंकतोय बहुतेक. अजून महिना आहे, तिचं मन वळवते.