‘हात भरणे’ आणि याजकाची वस्त्रे

प्रश्न : बायबलच्या निर्गम या पुस्तकात (२८:४१) इस्राएलाचा पहिला मुख्य याजक (पुरोहित) अहरोन आणि त्याच्या पुत्रांविषयी वस्त्रे चढवणे, अभिषेक करणे, ‘हात भरणे’ आणि पवित्र करणे अशा चार क्रिया ओळीने सांगितल्या आहेत. या सर्वांचा अर्थ एकच आहे का?

उत्तर : एकच नाही. ‘पवित्र करणे’ म्हणजे सामान्य वापरातून काढून देवासाठी राखून ठेवणे. अभिषेक तेलाचा असतो. खरी अडचण ‘हात भरणे’ या प्रयोगाची आहे, कारण अनुवादांत तो बहुधा ‘दीक्षा’ किंवा ‘समर्पण’ यांत विरघळून जातो. हिब्रूत तो ‘मिल्ले याद’ असा आहे. बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात अहरोनाचा भाऊ मोशे मेंढ्याची चरबी, उजवी मांडी आणि टोपलीतल्या बेखमीर भाकरी अहरोनाच्या व त्याच्या पुत्रांच्या तळहातांवर ठेवतो, ओवाळल्यासारखे हलवून ते परत घेतो आणि वेदीवर जाळतो. म्हणजे अर्पण हाताळण्याचा अधिकार इथे अक्षरशः हातात दिला जातो. शास्ते या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात मीखा नावाचा माणूस आपल्या एका मुलाचा हात भरून त्याला घरच्या देवळाचा याजक करतो आणि तिथे तेलाचे नावही नाही. त्यावरून हा प्रयोग अहरोनाच्या घराण्यापुरता नव्हता, हे उघड आहे. त्याच धातूपासून झालेला ‘मिल्लुईम’ हा शब्द या विधीला लागतो, तसाच ऊरपटाच्या (मुख्य याजकाच्या छातीवरील पट्टाच्या) कोंदणात बसवायच्या रत्नांनाही लागतो.

पुरवणी : वस्त्रांना केवळ शोभेची मानू नये, जरी ‘गौरव आणि शोभा’ हे शब्द मूळ संहितेतच आहेत. गणना या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात होर डोंगरावर अहरोनाची वस्त्रे उतरवून त्याचा पुत्र एलाजार याला घालतात आणि मगच अहरोन मरतो. पद वस्त्रांबरोबर सरकते. एफोदाच्या (मुख्य याजकाच्या वरच्या वस्त्राच्या) दोन्ही खांद्यांवरील रत्नांवर इस्राएलाच्या सहा-सहा वंशांची नावे आणि ऊरपटावर बारा रत्ने, त्यामुळे मुख्य याजक आत जातो तो सगळ्या इस्राएलाची नावे अंगावर वागवीत. एफोद आणि ऊरपट यांत सोने, निळा, जांभळा व किरमिजी धागा आणि तलम ताग एकत्र विणलेला असे. रंगीत धागा लोकरीचा असल्याचे परंपरा मानते, आणि लोकर-तागाचे मिश्र कापड सामान्य इस्राएलीला तर निषिद्ध होते (बायबलचे अनुवाद हे पुस्तक, २२:११). उलट प्रायश्चित्ताच्या दिवशी परमपवित्रस्थानात (पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या भागात) शिरताना मुख्य याजक हा सगळा थाट उतरवून साधी तागाची वस्त्रे घाली.