क्रिएटिनिनच्या आधी लघवी बघा

पेशंटचा रिपोर्ट बघून कुणी म्हणतं, "क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.१ मिग्रॅ/डेसीलिटर, म्हणजे किडनी ठीक." यावर विसंबू नका. दोन दिवसांत ०.७ वरून १.१ झालं असेल तर ती किडनीला अचानक झालेली इजाच. ४८ तासांत ०.३ ची वाढ पुरे. म्हणून भरतीच्या वेळचा आकडा केसपेपरवर ठळक लिहा.

लघवी बहुधा त्याआधीच सांगते: ५० किलोच्या पेशंटला सलग ६ तास, तासाला २५ मिलीहून कमी. लघवीच्या मोठ्या पिशवीवर एवढं नीट वाचताच येत नाही. युरोमीटर (तासाची लघवी मोजायचा खुणा असलेला छोटा डबा) नसेल तर दर तासाला मोजपात्रात काढा. आधी लघवीची नळी मुडपली नाही ना, लघवी तुंबून ओटीपोट फुगलं नाही ना, हेही हात लावून बघा.

आपल्याकडे घोणस चावलेले, उष्माघाताचे पेशंट येतात. त्यांची लघवी काळ्या चहासारखी दिसली की डायक्लोफेनॅक (वेदनाशामक), जेंटामायसिन (अँटिबायोटिक) ही किडनीला त्रास देणारी औषधं टाळा आणि डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात तेव्हाच फोन लावा. लघवी पूर्ण बंद पडायची वाट बघू नका.